तुझ्या ‘नाही’मागे कोण उभं आहे?

(पत्र लांब होतं. ओळख पटेल असा तपशील आणि गावाचं नाव गाळून सारांश देते आहे.)

पत्र लिहिणारी २६ वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली. हॉटेल मॅनेजमेंट करून तिने पुण्यात दोन वर्षं बारमध्ये काम केलं. मग सोडतीत नाव लागलं आणि ऑस्ट्रेलियाचा वर्षभराचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा मिळाला. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरावीक भागात, ठरावीक प्रकारचं तीन महिने काम करावं लागतं. त्यासाठी ती उत्तर-पश्चिम क्वीन्सलँडमधल्या, गुरांवर चालणाऱ्या एका छोट्या गावातल्या पबमध्ये रुजू झाली. पब एकच, राहायची खोली त्याच्याच माडीवर. शुक्रवारी-शनिवारी आसपासच्या कॅटल स्टेशनांवरची (गुरं पाळायच्या अवाढव्य मळ्यांवरची) पोरं येतात. अचकटविचकट बोलणं, तिच्या उच्चारांची नक्कल, ‘करी’ म्हणून हाका, हे रोजचंच. एकाने पैसे देताना तिचं मनगट धरून ठेवलं. मालक म्हणाला, ‘मनाचा चांगला आहे तो, उतरली की माफी मागेल.’ परवा धड उभंही राहता न येणाऱ्या एकाला तिने रम द्यायला नकार दिला, तर मालकाने तिच्यादेखत स्वतः ग्लास भरून दिला. सगळा बार हसला. तो माणूस नंतर स्वतः गाडी चालवत गेला. आता निम्म्याहून जास्त दिवस भरलेत. सोडलं तर सगळं पाण्यात जाईल असं तिला वाटतं. घरी ‘हॉटेलात काम करते’ एवढंच सांगितलंय. तिचा प्रश्न : ‘ताई, इथे टिकायचं तर मी अजून किती कणखर व्हायला हवं?’

ताई म्हणालीस, तेव्हा अगं-तुगंवरच येते.

पत्राचा मोठा भाग तू स्वतःला नावं ठेवण्यात घालवला आहेस. मला पटकन उत्तर सुचत नाही, मी रडवेली होते, माझ्या आधीची आयरिश मुलगी म्हणे सगळ्यांना हसून गप्प करायची. मालकाच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्यात, त्याही ‘तसा माणूस वाईट नाही’ अशा. मला हा हिशोब उलटा वाटतो. भरलेल्या बारमध्ये, परक्या मुलखात, तुझ्या दीडपट अंगाच्या माणसाला ‘आता रम मिळणार नाही’ असं तू तोंडावर सांगितलंस. याहून कणखर म्हणजे आणखी काय? त्या रात्री कच खाल्ली मालकाने, आणि लाज मात्र तुला वाटते आहे.

म्हणून तुझा प्रश्न मी जरा बदलून घेते. तू किती सोसू शकतेस हे मोजत बसू नकोस. तू ‘नाही’ म्हणालीस की तुझ्यामागे कोण उभं राहतं, एवढंच बघ. राहायचं की निघायचं, हे त्यावर ठरव.

ग्लास कुणीही भरेल. कधी भरायचा नाही हे ठरवणं हे बारमागच्या माणसाचं काम, आणि ऑस्ट्रेलियात ते कायद्यानेच त्याच्यावर सोपवलंय. तू आरएसएचं (जबाबदारीने दारू वाढण्याचं) प्रमाणपत्र घेतलंस ते त्याचसाठी. झिंगलेल्या माणसाला दारू देणं क्वीन्सलँडमध्ये गुन्हा आहे. दंड परवाना असलेल्या मालकाला होतो तसा ग्लास पुढे करणाऱ्यालाही होऊ शकतो. मालकाने सांगितलं म्हणून दिली, एवढ्यावर सुटका होईल असं धरून चालू नकोस. त्यामुळे परवा तू मालकाचं गिऱ्हाईक तोडलंस असं कुणी म्हणालं तर ते चुकीचं आहे. तू त्याचा परवाना वाचवत होतीस आणि त्याने तो स्वतःच पणाला लावला. तुझ्या मनाला ती गाडी लागून राहिली आहे, ते बरोबरच आहे. कुंपण नसलेले रस्ते, अंधारात मधोमध बसलेली गुरं, आडवे येणारे कांगारू आणि समोरून पन्नासेक मीटर लांबीची रोड ट्रेन, म्हणजे ट्रेलरांची माळ ओढणारा ट्रक. पुढच्या वेळी कुणी तशा अवस्थेत स्टिअरिंगला बसला तर किल्ली हिसकावायला जाऊ नकोस. त्याच्या सोबत्यांपैकी शुद्धीत असलेल्याला हाक मार, आणि गाडी सुरू झालीच तर सरळ ०००ला, तिथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन कर. ती चुगली होत नाही.

आता ती पोरं. तुझ्या पत्रात ती सगळी मिळून एक झुंड आहेत, एकालाही चेहरा नाही. माझी काही वर्षं रॉकहॅम्प्टनमध्ये गेली. स्वतःला ‘बीफ कॅपिटल’ म्हणवून घेणारं, रस्त्यारस्त्यावर बैलांचे पुतळे उभे केलेलं शहर. तिथून आत पश्चिमेला गेलं की स्टेशनांवर जी गुराखी पोरं भेटतात त्यांना रिंगर म्हणतात. बरेचसे विशीच्या आगेमागे. पावसाळा सरला की मस्टरिंग सुरू होतं : हेलिकॉप्टर, मोटरसायकली, घोडे घेऊन रानभर पांगलेली जनावरं गोळा करायची, यार्डात आणायची, वासरांना डाग द्यायचे, खच्ची करायचं, विक्रीची वेगळी काढायची. पहाटे उठायचं, रात्री उघड्यावर स्वॅगमध्ये (कॅनव्हासच्या वळकटीत) पडायचं, फोनला रेंज नाही, आठवडेच्या आठवडे तीच पाचसात तोंडं. मग एका शुक्रवारी पगार घेऊन गावात. तुझ्यासमोर येतात ती ही पोरं.

यातून त्यांना सूट मिळावी म्हणून मी हे सांगत नाहीये. मनगट धरलं ते धरलंच, थकवा आणि एकटेपणा त्यावर उतारा नाही. पण झुंडीतली माणसं वेगळी काढता आली तर तुझा फायदा आहे. प्रत्येक टोळक्यात एक हेड स्टॉकमन असतो. सोमवारी पहाटे ही सगळी डोकी कामाला उभी करायची जबाबदारी त्याची. त्याला नावाने ओळख. ‘तुझ्या त्या पोराला आता पुरे झालं, तू सांगतोस का?’ एवढं त्याला हळूच म्हटलंस तर तुझ्या दहा नकारांचं काम होतं. हल्ली रिंगरांमध्ये मुलीही बऱ्याच असतात. त्या याच पोरांबरोबर राबतात, त्यांची नस ओळखतात, आणि बारमागची मुलगी एकटी पडली आहे हे त्यांना चटकन कळतं. शिवाय काउंटरच्या टोकाला रोज त्याच स्टुलावर बसणारा एखादा म्हातारा असेलच. त्याला रोज दोन मिनिटं दे. अशा गावात त्याच्या एका ‘ए, गप’ला मालकाच्या पाटीपेक्षा जास्त किंमत असते.

‘मी त्यांच्याशी बोलणार तरी काय?’ असं तू विचारलंस. अगं, गुरांविषयी बोल! तुझ्या वडिलांच्या गोठ्यात वाढलीस तू. तिथल्या स्टेशनांवर तुला वशिंडवाली, गळ्याखाली लोंबत्या पोळीची करडी जनावरं दिसत असतील. ती ब्राह्मन जात. अमेरिकेत ती भारतातून गेलेल्या गीर, काँक्रेज, ओंगोल आणि थोड्याफार कृष्णाखोरी गुरांपासून तयार झाली, आणि १९३३ साली तिथून क्वीन्सलँडात आली. ऊन आणि गोचीड सोसते म्हणून उत्तरेत टिकली. म्हणजे ज्या कळपांमागे ही पोरं दिवसभर धावतात, त्यांच्यात थोडंसं रक्त तुझ्या नदीकाठचंही आहे. हे एकदा मंगळवारच्या निवांत संध्याकाळी सांगून बघ. शुक्रवारी नको, शुक्रवारी कुणाच्या डोक्यात शिरणार नाही.

नकार द्यायच्या पद्धतीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न गोव्यापासून डार्विनपर्यंत बारमागे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकीचा आहे. पहिली गोष्ट म्हणजे नकार त्या शेवटच्या ग्लासापाशी सुरू होत नाही. माणूस आत येतो तेव्हाच बघ : आधी गाडीत किती झालीय, जेवलाय का. तिसऱ्या-चौथ्या ग्लासाला न मागता पाण्याचा जग समोर ठेव, किचन बंद व्हायच्या आत चिप्सचं विचार. रम मागणाऱ्याला कमी तीव्रतेच्या बिअरवर आणता येतं का बघ. बिअरच्या ग्लासांत स्कूनर म्हणजे ४२५ मिलिलिटर, पॉट २८५, तेव्हा ‘पॉटच घे, थंड राहील’ हेही एक शस्त्र आहे. सावकाश वाढ. दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक आधी घे, ग्लास पूस, बर्फ आणायला आत जा. वेळ काढणं ही बारटेंडरची निम्मी कला आहे.

आणि तरी वेळ आलीच, तर चारचौघांत मोठ्याने सांगू नकोस. काउंटर मध्ये ठेवूनच जरा पुढे झुक, त्याच्या नावाने हाक मार, आणि एकच वाक्य : ‘आज तुला आणखी देता येणार नाही, माझं आरएसए जाईल. उद्या ये.’ ‘तू प्यायलायस’ असं म्हणू नकोस, त्यावर तो वाद घालेल. कायद्यावर ढकल, तुझ्या मतावर नको. तो ‘का?’ विचारेल, पुन्हा विचारेल, आईबहिणीवर येईल. तू तेच वाक्य त्याच आवाजात म्हणायचं. नवीन कारण दिलंस की नवीन वाद. त्याच्या हातातला ग्लास ओढू नकोस, खांद्याला हात लावू नकोस. मग लगेच वही काढ : तारीख, वेळ, कोण, काय झालं, कोण समोर होतं. पबमध्ये घटनांची नोंदवही असेल तर तिच्यात लिही, आणि फोनवर स्वतःची वेगळी नोंद ठेव. मनगटाचा प्रसंगही आजच लिहून काढ. मालकाने तुझा नकार मोडून ग्लास भरला, तेही.

तिकडे एकमेकांना पाजायची रीत आहे, तुलाही कुणी ‘माझ्याकडून घे’ म्हणेल. नाही म्हटलं तर अपमान वाटतो, घेतलं तर पुढच्या वेळी हक्क वाटतो. ‘थँक्स, शिफ्ट संपल्यावर घेईन’ म्हणायचं आणि ड्यूटीवर एक थेंबही घ्यायचा नाही.

पत्राच्या शेवटच्या पानावर, तिथल्या मूळ रहिवाशांबद्दल सहज लिहून गेल्यासारखी एक ओळ आहे : ‘अ‍ॅबोरिजिनल लोक आले की मालक लांबूनच मान हलवतो, मग मला त्यांना नाही म्हणावं लागतं. तेव्हा मात्र कुणी हसत नाही.’

तुझ्या सगळ्या पत्रात मला ही ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. म्हणजे त्या पबमध्ये तुझा नकार चालतो तर! लडखडणाऱ्या गोऱ्या पोराला दिलेला नकार हसण्यावारी जातो आणि शुद्धीत असलेल्या अ‍ॅबोरिजिनल माणसाला दिलेला पाळला जातो. म्हणजे मालकाला भांडणाची भीती वाटते किंवा तो भिडस्त आहे, असं म्हणायला जागा राहत नाही. नाही म्हणायला तुला उभं करायचं की नाही, हे तो समोरच्याचा चेहरा बघून ठरवतो. १९७५च्या वंशभेदविरोधी कायद्याप्रमाणे वंशावरून सेवा नाकारणं बेकायदा आहे. काही वस्त्यांमध्ये दारू नेण्यावर सरकारी मर्यादा आहेत हे खरं, पण त्या जागेवर आणि प्रमाणावर आहेत, कातडीच्या रंगावर नाहीत. या गावांचा इतिहास तुला कुणी सांगितला नसेल, म्हणून सांगते. उत्तरेतला गुरांचा धंदा अनेक पिढ्या अ‍ॅबोरिजिनल गुराख्यांच्या कष्टावर चालला, कित्येकदा नुसत्या शिध्यावर. १९६६ साली नॉर्दर्न टेरिटरीतल्या वेव्ह हिल स्टेशनवरून व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या मागे गुरिंजी लोक काम सोडून निघाले, ते मजुरीसाठी आणि पुढे जमिनीसाठी. क्वीन्सलँडमध्ये सरकारनेच दाबून ठेवलेल्या मजुरीचा दावा २०१९ साली १९ कोटी डॉलरांवर मिटला. ज्याला तू दारातून परत पाठवतेस, त्याच्या आजोबांनी कदाचित त्याच गावाभोवतीची गुरं राखली असतील.

हा नकार तू स्वतःच्या तोंडून देऊ नकोस. ‘तो प्यायलेला दिसत नाही, मी देते आहे. तुम्हाला नको असेल तर तुम्हीच सांगा त्याला,’ एवढं म्हणायचं आणि काम करत राहायचं. सोपं नाही, माहीत आहे. पण तुला पत्रात ही ओळ लिहावीशी वाटली, त्याअर्थी तुझ्याही मनात ती सलतेच आहे.

आता व्हिसा. इथे तुझी समजूत चुकीची आहे आणि ती दुरुस्त झाली की निम्मं ओझं उतरेल. ते तीन महिने सलग भरावे लागत नाहीत आणि एकाच मालकाकडेही भरावे लागत नाहीत. झालेले दिवस झालेच. नियमाप्रमाणे मजुरी मिळालेली असली आणि त्याच्या पावत्या तुझ्याकडे असल्या की उरलेले दुसरीकडे भरता येतात. आणि ‘दुसरीकडे’ म्हणजे असंच आडगाव हवं असंही नाही. तुझ्या प्रकारच्या व्हिसाला मकरवृत्ताच्या उत्तरेकडच्या क्वीन्सलँडातली पर्यटन आणि हॉटेलातली कामं धरली जातात. केर्न्स किंवा टाउन्सव्हिलमधल्या हॉटेलातली नोकरीही त्यात बसू शकते. जायच्या आधी पोस्टकोड इमिग्रेशन खात्याच्या यादीत आहे का ते स्वतः बघ, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. मालक ‘मी सही करणार नाही’ म्हणाला तर घाबरू नकोस. पगाराच्या पावत्या आणि बँकेत जमा झालेल्या रकमा हा भक्कम पुरावा आहे. आज रात्रीच त्यांची प्रत स्वतःच्या ईमेलवर टाक. व्हिसाची भीती दाखवून परदेशी माणसाला राबवून घेणं हा तिथे जुलै २०२४ पासून गुन्हा आहे.

पावत्या बघतेस तर आकडेही बघ. जुलै २०२५मध्ये देशाची किमान मजुरी तासाला २४.९५ डॉलर ठरली आणि कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या कामाला त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे ३१ डॉलरच्या वर. शनिवार-रविवारचा दर त्याहून वेगळा. खोलीभाडं कापत असतील तर त्याला तुझी लेखी संमती लागते. शंका आली तर मजुरीच्या तक्रारी बघणाऱ्या फेअर वर्क ऑम्बुड्समनचा नंबर १३ १३ ९४. दुभाषा मागता येतो.

खोलीबद्दल तू फक्त ‘बरी आहे’ लिहिलंस. जुन्या लाकडी पबांची माडी मला माहीत आहे : चहूबाजूंनी रुंद व्हरांडा, आणि प्रत्येक खोलीचं काचेचं दार त्याच व्हरांड्यात उघडणारं. खाली पिऊन वर भाड्याने राहिलेले लोकही त्याच व्हरांड्यात सिगरेट ओढतात. तुझ्या दाराला आतून कडी आहे का? किल्ल्या किती, कुणाकुणाकडे? कडी नसेल तर हा विषय मालकाशी बोलण्याच्या यादीत सर्वांत वर.

घरी काय सांगायचं, यावर माझं मत फार कडक नाही. सव्वीस वर्षांच्या मुलीने आईवडिलांना सगळं सांगितलंच पाहिजे असं मला वाटत नाही. आपल्याकडे २००५च्या डान्सबार बंदीच्या गदारोळानंतर ‘बारमध्ये काम करणारी मुलगी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं, हे तुला माहीत आहे. दिल्लीत तर दारू मिळते तिथे बायकांना नोकरीच द्यायची नाही असा कायदा होता. तो दिल्ली उच्च न्यायालयाने मोडीत काढला आणि २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. आणि ज्या क्वीन्सलँडात तू काउंटरच्या आत उभी आहेस, तिथे एके काळी बायकांना काउंटरच्या बाहेर उभं राहून पिता येत नव्हतं. १९६५ साली मर्ल थॉर्नटन आणि रोझली बोग्नर या दोघींनी ब्रिस्बेनच्या रेगाटा हॉटेलात जाऊन बारच्या खालच्या दांडीला स्वतःला साखळीने बांधून घेतलं. कायदा बदलायला १९७० उजाडलं. पुरुषांना ग्लास भरून द्यायला बाई चालत होती, शेजारी उभी राहून प्यायला नाही. तेव्हा लाज कुणी वाटून घ्यायची याचा हिशोब दोन्ही देशांत जुनाच गोंधळलेला आहे. तू तो सोडवत बसू नकोस.

पण भारतात एका तरी माणसाला सगळं माहीत असू दे. मावसभाऊ, मैत्रीण, कुणीही. पबचा पत्ता, मालकाचा नंबर, शुक्रवारची शिफ्ट किती वाजता संपते, आणि संपल्यावर तुझा एक मेसेज. आईला सांगायचं तर मनगटापासून सुरुवात करू नकोस. गुरांपासून कर.

आता मालकाशी बोलणं. शुक्रवारी नाही, बार भरलेला असताना नाही. सोमवारी दुपारी, तो पिंपं बदलत असेल किंवा हिशोब करत असेल तेव्हा. मालकीण समोर असेल तर उत्तम. कडी नसेल तर पहिली मागणी तीच. त्याशिवाय तीन गोष्टी माग. मी दारू नाकारली की ती त्या रात्रीपुरती सर्वांनी नाकारली, तुम्ही धरून. मनगट धरणारा माणूस काही आठवडे आत येणार नाही, आणि हे त्याला तुम्ही सांगायचं, मी नाही. शुक्रवार-शनिवार बंद करताना मी एकटी नसेन. गिऱ्हाईक छळत असेल तर तो रोखण्यासाठी पावलं उचलणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, त्यामुळे तू मेहरबानी मागत नाहीयेस. एकुलत्या एका पबमधून कुणाला बंदी घालणं ही त्या गावात मोठी शिक्षा असते, हे मालकाला ठाऊक आहे. म्हणूनच तो टाळतो आणि म्हणूनच तिचा उपयोग होतो. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी ‘आज आपलं असं ठरलं’ असा साधा मेसेज त्याला पाठव.

माझा अंदाज विचारशील तर तो मान डोलावेल आणि पहिल्याच गर्दीच्या शुक्रवारी विसरेल. जो माणूस भरल्या बारमध्ये तुझा शब्द मोडतो, तो एका बैठकीत बदलत नाही. मी चुकले तर आनंदच आहे. मालकिणीने मनावर घेतलं तर अशी ठिकाणं सुधारतातही. पण तू बोलायला जाशील तेव्हा जायची वाट आधीच बघून ठेवलेली असू दे. टाउन्सव्हिल ते माउंट आयझा ही इनलँडर गाडी आठवड्यातून दोनदाच धावते. तुझ्या गावाहून जवळचं स्टेशन कुठलं आणि गाडी कोणत्या वारी, हे लिहून ठेव. तिकिटाचे आणि दोन आठवड्यांच्या राहण्याचे पैसे वेगळे काढ. केर्न्स-टाउन्सव्हिलकडे अर्ज आजपासूनच टाक. पासपोर्ट स्वतःकडे ठेव. ‘तिजोरीत सुरक्षित राहील’ म्हणून कुणी मागितला तरी द्यायचा नाही. आणि पुढच्या वेळी कुणी अंगाला हात लावला तर कराराचे, नोटिशीचे दिवस मोजत बसू नकोस. ०००, आणि मग पहिलं मिळेल ते वाहन.

तिथे राहिलीस तर कणखर आणि निघालीस तर पळपुटी, असं काही नसतं. पुण्याच्या बारमध्ये असाच मालक असता तर तू नोकरी सोडून दुसरी धरली असतीस आणि कुणाला पत्रही लिहिलं नसतंस.

जाता जाता, हे वाचून याच वाटेला निघालेल्या इतर मुलामुलींसाठी. या व्हिसाच्या भारताला वर्षाला १,००० जागा आहेत, वयाची अट १८ ते ३०, आणि सोडतीत नाव लागल्याच्या आनंदात कुठलीही पहिली नोकरी घ्यावीशी वाटते. घ्यायच्या आधी मजुरीचा दर लेखी मागा, पोस्टकोड तपासा, खोलीच्या दाराचा फोटो मागा (हसतील, हसू द्या), रात्री बंद करताना किती माणसं असतात ते विचारा. ‘शेवटचं कुणाला बाहेर काढलंत आणि का?’ हा प्रश्न मालकाला जरूर विचारा. ज्याला काहीच आठवत नाही, त्याच्याकडे जाऊ नका. आणि आधीची मुलगी का गेली हे मालकाला विचारण्यापेक्षा तिलाच विचारा. तिचा नंबर देत नसेल तर पबला फोन लावून स्वयंपाक्याला मागा. दुपारची जेवणं उरकली की किचन रिकामं असतं, तेव्हा तो मोकळेपणाने बोलतो.